पिना जुळल्या म्हणून रेक्टिफायर जुळला असं नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझी समज चुकली असेल तर तुम्हाला लगेच दुरुस्त करता येईल. नागपुरात महालातल्या घरी वडिलांच्या लाऊडस्पीकरच्या धंद्यातला व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा अँप्लिफायर आहे. आउटपुटला दोन ईएल३४, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर जीझेड३४, आणि ट्रान्सफॉर्मरवर ३५०-०-३५० असं लिहिलेलं, म्हणजे मधल्या शून्यापासून दोन्ही टोकांना ३५० व्होल्ट. बारा वर्षं माळ्यावर पडून होता. यंदा काढला, पुसला आणि थेट प्लगात लावला. पाचेक मिनिटं छान वाजला, मग रेक्टिफायरमध्ये निळा लखलखाट झाला आणि फ्यूज उडाला. सीताबर्डीत जीझेड३४ मिळाला नाही. दुकानदारानं ५यू४जीबी हातात ठेवला, "घेऊन जा भाऊ, पिना सारख्याच हायेत." आतेभाऊ म्हणतो, व्हॉल्व्हच्या भानगडीत पडूच नको, डायोड टाक अन् मोकळा हो. कोणाचं ऐकायचं?

सध्या कोणाचंच ऐकू नका. दोघंही अर्धं बरोबर सांगतायत, पण तुम्ही विचारताय "जागेवर काय बसवू?" आणि खरा प्रश्न आहे "आधीचा का मेला?" जीझेड३४ सहसा आपल्या मरणानं मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. मारणारा अजून चासीखाली, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याखाली बसलेला असेल तर नवा जीझेड३४ लावा, ५यू४जीबी लावा की डायोड लावा, पुढचा बळी ठरलेला. रेक्टिफायर गेला तर काही हजारांत भागतं. ट्रान्सफॉर्मर गेला तर तसा रिवाइंड करून देणारा माणूस शोधण्यातच वर्ष जाईल.

माझा पहिला संशय रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या कंडेन्सरवर आहे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच विजेला अडवतो. कंडेन्सर वर्षानुवर्षं बिनवापराचा राहिला की हा थर कमकुवत होतो. मग एके दिवशी एकदम साडेचारशे व्होल्ट दिले की तो गळायला लागतो, गळतो म्हणून तापतो आणि तापतो म्हणून आणखी गळतो. तुमची पाच मिनिटं बहुधा यातच गेली. जीझेड३४ सलग २५० मिलीअँपिअर देतो आणि क्षणभरासाठी प्रत्येक प्लेटमागे (प्लेट म्हणजे करंट गोळा करणारा आतला पत्रा) ७५० मिलीअँपिअरपर्यंत सोसतो. त्यापुढे ओढलं की कॅथोडवरचा, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावरचा लेप उखडतो, आत ठिणगी पडते. तुम्ही पाहिलेला निळा उजेड तोच.

दुसरा संशय मधल्या काळातल्या एखाद्या मेकॅनिकवर. कंडेन्सरवरचा आकडा वाचा. मूळचा बहुधा ३२ किंवा ५० मायक्रोफॅरडचा असेल. त्या जागी १०० किंवा २२० दिसला तर समजा, कोणीतरी घूंऽऽ आवाज घालवायला मोठा टाकला आहे. जीझेड३४ ला पहिला कंडेन्सर जास्तीत जास्त ६० मायक्रोफॅरडचा चालतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून नावं ठेवत नाही. धंद्यात नवीन असताना एका भजनी मंडळाच्या अँप्लिफायरमध्ये मी मोठ्या हुशारीनं २२० चा टाकला. घूं गेली, मंडळी खूश झाली. तिसऱ्या दिवशी रेक्टिफायरही गेला, आणि नवा मी माझ्या खिशातून आणला. घूं कमी करायची असेल तर चोकनंतरचा (चोक म्हणजे दोन कंडेन्सरांमधली तारेची गुंडाळी) कंडेन्सर वाढवा, पहिल्याला हात लावू नका.

तिसरी शक्यता तुम्हीच तपासू शकता. आठवून बघा, त्या पाच मिनिटांत लाईट गेली-आली होती का? आपल्याकडे हे फार होतं. दोन सेकंद लाईट जाते आणि परत येते. तेवढ्या वेळात गरम ईएल३४ कंडेन्सर रिकामा करून टाकतात, पण रेक्टिफायरचा कॅथोड मात्र तापलेलाच असतो. वीज येताच तो रिकाम्या कंडेन्सरला एका झटक्यात भरायला जातो. थंड अवस्थेतून चालू झाला असता तर हेच काम त्यानं हळूहळू केलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या जीझेड३४ पैकी बऱ्याच पावसाळ्यात येतात, त्याचं कारण मी हेच धरतो. तेव्हा लाईट गेली की आधी स्विच बंद करायचा, मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, मग लावायचा.

म्हणून क्रम असा ठेवा. जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सगळे काढा आणि मारबतीच्या मिरवणुकीत ओरडतात तसं "घेऊन जा गे मारबत" म्हणून मोकळे व्हा. वडिलांच्या हातचे आहेत म्हणून जीव अडकत असेल तर डब्बे जागेवर शोभेला राहू द्या, नवे खालून जोडा. त्यानंतर सगळे व्हॉल्व्ह काढून अँप्लिफायर शंभर वॅटच्या सिरीज लॅम्पमधून, म्हणजे मेन्सच्या वाटेत बल्ब जोडून लावा. बल्ब क्षणभर उजळून जवळजवळ विझला तर ट्रान्सफॉर्मर धडधाकट आहे. पेटलेलाच राहिला तर तिथेच थांबा, रेक्टिफायरचा विचार सोडा. इथे बल्ब म्हणजे पिवळा, तारेचा. एलईडीचा इथे काही उपयोग नाही.

ट्रान्सफॉर्मर वाचला आहे असं धरून पुढे बोलतो. आता सिरीज लॅम्प काढून मेन्स मोजा, आणि दोनदा मोजा: दुपारी कूलर चालू असताना आणि रात्री अकराच्या पुढे. मग मागची टॅप बघा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टच्या मेन्सवर लावलाय ती जोडणी. जुन्या मशिनी बहुतेक वेळा २२० वर लावलेल्या सापडतात. रात्री तुमच्याकडे २४० येत असतील आणि टॅप २२० वर असेल, तर सगळं नऊ टक्क्यांनी वर जातं. ३५० चे ३८२ होतात, ६.३ चे जवळजवळ ६.९. टॅप २४० वर न्यायला एक पैसा लागत नाही, पण कोणी बघतच नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता दुकानदाराकडे येऊ. पिना सारख्या आहेत हे तो खरं बोलला. दोन्हींत २ आणि ८ वर हीटर, ४ आणि ६ वर प्लेटी, आणि एचटी, म्हणजे बाकीच्या व्हॉल्व्हना लागणारी चढ्या व्होल्टची डीसी, ८ वरून निघते. फरक कोण किती करंट ओढतो त्यात आहे. जीझेड३४ चा हीटर ५ व्होल्टला १.९ अँपिअर घेतो, ५यू४जीबीचा फिलामेंट ३ अँपिअर. साडेनऊ वॅटच्या जागी पंधरा. ती पाच व्होल्टची वाइंडिंग किती जाड तारेची आहे हे बाहेरून कळत नाही, आणि तुमच्या उत्तराचा अर्धा भाग त्यावरच ठरतो. काही कारखान्यांनी हात सैल सोडून ३ अँपिअरची वाइंडिंग दिलेली असते, काहींनी २ चीच, मोजून. दोनच्या वाइंडिंगमधून तीन ओढले तर पहिल्या दिवशी काही होणार नाही. होईल ते मे महिन्यात, खोलीत बेचाळीस डिग्री असताना, तिसऱ्या तासाला. शिवाय ही साधी हीटरची वाइंडिंग नाही. ती एचटीच्या डोक्यावर बसलेली असते, म्हणजे चासीपासून तिचं अंतर चारशे-साडेचारशे व्होल्टचं. तिथला कागद तापून करपला की एचटी थेट चासीला.

हे तपासायला मी एक गावठी पण खात्रीचा उपाय करतो. रेक्टिफायर काढलेला, बाकीचे व्हॉल्व्ह जागेवर. ३.३ ओहमचे, वीस-वीस वॅटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर पॅरलल जोडले की १.६५ ओहम होतात. ते बेसच्या २ आणि ८ नंबरला लावायचे, म्हणजे जवळपास ३ अँपिअर ओढले जातात. प्लग लावण्यापूर्वीच सगळं घट्ट जोडून घ्या, कारण बाजूच्याच ४ आणि ६ वर प्रत्येकी ३५० व्होल्ट एसी असतात आणि ते दयामाया करत नाहीत. अर्धा तास चालू ठेवा. व्होल्टेज पावणेपाचच्या वर टिकलं आणि ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवता आला तर वाइंडिंगमध्ये दम आहे. साडेचारवर आलं तर ५यू४जीबी परत करा. लक्षात असू द्या, या चाचणीत एचटीचा भार नसतो. प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मर याहून जास्त तापेल.

वाइंडिंग पास झाली तर ५यू४जीबीचं पुढचं काय? तो जास्त व्होल्ट खातो. जीझेड३४ सव्वादोनशे मिलीअँपिअरला सुमारे १७ व्होल्ट गिळतो, ५यू४ जातीचा तेवढ्याच करंटला चाळीसच्या वर. तुमच्या मशिनीत एचटी अंदाजे २५ ते ४० व्होल्टनी खाली येईल. लोक याला घाबरतात, पण ४३० ची ४०० झाली तर ताकद साधारण तेरा टक्के कमी होते, म्हणजे अर्ध्या डेसिबलच्या थोडी वर. कानाला कळणारही नाही. ईएल३४ उलट निवांत राहतील. तेव्हा व्होल्ट कमी होणं हा दोष मी धरत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. ५यू४जीबी काही सेकंदांत तयार होतो, ईएल३४ ला पंधरा-वीस सेकंद लागतात. मधल्या वेळात एचटी ओढणारं कोणी नसतं, म्हणून ती चढत जाते. ३५० गुणिले १.४१४, म्हणजे ४९५. तुम्ही ४५० व्होल्टचे नवे कंडेन्सर आणलेत तर रोज स्विच दाबताना त्यांच्या मर्यादेबाहेर जाणार. जीझेड३४ स्वतःच हळू तापतो, म्हणून तिथे एचटी सावकाश, बाकीच्यांच्या सोबतीनं वर येते. त्याला मी जो मान देतो तो या सावकाशपणाबद्दल. ५यू४जीबी वापरायचाच असेल तर पहिल्या जागी दोन कंडेन्सर सिरीजमध्ये लावा आणि प्रत्येकावर २२० किलोओहमचा रेझिस्टर टाका, दोघांत व्होल्टेज सारखं वाटलं जाईल.

बाकीचे पर्याय पटकन सांगतो. ५वाय३ नको, त्याची मर्यादाच १२५ मिलीअँपिअर आहे. दोन ईएल३४ स्वस्थ बसून शंभराच्या आसपास पितात, मग गाणं कशानं वाजवणार? ५व्ही४ चा हीटर २ अँपिअरचा, वाइंडिंगला सोसणारा, पण करंट १७५ पर्यंतच. घरात बैठकीपुरता आवाज असेल तर तो निभावून नेतो, मंडपात नाही. ५आर४जीवाय दिसायला भारदस्त आणि हीटरही २ अँपिअरचा, पण त्याचा जन्म चोक-इनपुटसाठी, म्हणजे पहिल्या जागी कंडेन्सरऐवजी चोक असतो त्या जोडणीसाठी. पहिला मोठा कंडेन्सर त्याला सोसत नाही. आणि ५एआर४ असं लिहिलेला मिळाला तर डोळे झाकून घ्या, जीझेड३४ चंच ते अमेरिकन नाव. डोळे झाकून म्हणालो खरा, पण जुन्या मुलार्ड या इंग्रजी कंपनीच्या नावाखाली चढ्या भावात काही मिळत असेल तर उघडे ठेवा. वरची छपाई कोणीही करतं. काचेच्या तळाशी कोरल्यासारखा बारीक संकेत असतो. पहिल्या ओळीत एफ३१, एफ३२ असा प्रकार आणि दुसरी ओळ बीनं सुरू झाली तर तो ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला. तो संकेत नसेल तर मुलार्डचा भाव देऊ नका.

आता आतेभाऊ. डायोडनं काम होतं, मीही पुष्कळ मशिनींत केलंय, पण "टाक अन् मोकळा हो" इतकं ते सोपं नाही. या जोडणीत प्रत्येक डायोडवर उलटं व्होल्टेज ३५० च्या दुप्पट गुणिले १.४१४, म्हणजे ९९० येतं. १एन४००७ या नेहमीच्या डायोडची मर्यादा १००० ची. रात्री मेन्स थोडी वाढली की गेलाच. म्हणून प्रत्येक बाजूला दोन-दोन सिरीजमध्ये. दुसरं, डायोड जवळजवळ काहीच व्होल्ट खात नाही आणि क्षणात चालू होतो, म्हणजे वर सांगितलेले ४९५ व्होल्ट इथे पहिल्याच सेकंदाला हजर.

तिसरी गोष्ट ईएल३४ च्या जिवावर येते, आणि इथे तुमचं बायस, म्हणजे व्हॉल्व्हनं स्वस्थ असताना किती करंट घ्यायचा ते ठरवणारी सोय, कोणत्या प्रकारचं आहे ते कळलं पाहिजे. ईएल३४ च्या ८ नंबरच्या पिनेवरून चासीकडे अडीचशे ते पाचशे ओहमचा जाडजूड वायरवाउंड जात असेल तर ते सेल्फ बायस. व्होल्टेज वाढलं तरी ते स्वतःला बरंच आवरतं. पिन थेट चासीला किंवा १० ओहममधून गेली असेल तर फिक्स्ड बायस, आणि तिथे आवरणारं कोणी नाही. समजा ४३० व्होल्टला एक ईएल३४ ४५ मिलीअँपिअर घेत होता, म्हणजे १९ वॅट. डायोड टाकल्यावर ४६५ व्होल्ट झाले, आतल्या स्क्रीन नावाच्या जाळीचं व्होल्टेजही वाढलं, करंट ५४ वर गेला. झाले २५ वॅट, आणि ईएल३४ ची प्लेट पंचवीसच सोसते. अंधारात प्लेट लाल दिसायला लागली की समजा. डायोड टाकायचे तर सोबत १५० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर टाकून व्होल्टेज खाली आणा, बायस नव्यानं लावा आणि कंडेन्सर ५०० च्या वर न्या. एवढं केलं तर फायदाही आहे: हीटरचे साडेनऊ वॅट वाचतात, उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर थंड राहतो.

माझ्या हातात हे मशीन आलं तर मी मधला रस्ता काढीन. जीझेड३४ च ठेवीन, आजच्या उत्पादनातला असला तरी चालेल, पण प्रत्येक प्लेटच्या वायरमध्ये दोन-दोन १एन४००७ सिरीजमध्ये बसवीन. व्हॉल्व्ह नीट असेपर्यंत डायोडचं अस्तित्व जाणवत नाही. व्हॉल्व्ह आत शॉर्ट झाला तर एसी कंडेन्सरपर्यंत पोचत नाही आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. खर्च वीस-पंचवीस रुपये. सोबत एचटीच्या मधल्या वायरीला, म्हणजे ३५०-०-३५० मधल्या शून्याला, एक स्लो-ब्लो फ्यूज. दोन ईएल३४ ला मी अर्ध्या अँपिअरपासून सुरुवात करतो आणि उगाच उडत असेल तरच वाढवतो. पहिला कंडेन्सर मुद्दाम ४७ चा ठेवीन, ६० ची परवानगी असली तरी. ती मर्यादा जुन्या दणकट नळ्यांसाठी लिहिली होती आणि आजच्या काही नळ्यांवर मी तितका विश्वास टाकत नाही.

रेक्टिफायर बदलला की आवाज बदलतो का, हे तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय. बदलतो, कारण व्होल्टेज बदलतं आणि त्यासोबत बायस. मी दोन-चार वेळा जीझेड३४ आणि डायोड रेझिस्टर टाकून एकाच व्होल्टेजवर आणले, बायस सारखं केलं आणि ऐकणाऱ्याला न सांगता अदलाबदल केली. घरच्या आवाजात कोणालाच खात्रीनं ओळखता आलं नाही, मलाही नाही. मशीन पूर्ण ताणून वाजवलं, गिटारवाले वाजवतात तसं, तर मात्र ५यू४ सारखा जास्त व्होल्ट खाणारा रेक्टिफायर जोरदार ठोक्याला क्षणभर दबतो, आणि त्यांना तेच हवं असतं. तुम्ही वडिलांच्या जुन्या रेकॉर्डी ऐकणार आहात. त्यासाठी मुलार्डवर पैसे घालण्यापेक्षा चांगली सुई घ्या.

हात घालण्यापूर्वी एवढं करा: प्लग काढल्यावरसुद्धा कंडेन्सर भरलेला असू शकतो. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर मगरक्लिपनं लावून अर्धा मिनिट थांबा, मीटरनं शून्य बघा, मगच बोट घाला. चालू मशिनीत मोजताना डावा हात खिशात ठेवा.

तोवर मला चार गोष्टी कळवा: दुपारची आणि रात्रीची मेन्स, मागची टॅप कितीवर आहे, पहिल्या कंडेन्सरवरचे दोन्ही आकडे (मायक्रोफॅरड आणि व्होल्ट), आणि ईएल३४ च्या ८ नंबरवरून काय जातं. चासीखालचा एक फोटोही टाका, उजेडात काढलेला. आणि ५यू४जीबीचं बिल जपून ठेवा. बिल असताना दुकानदार आठवडाभर तरी परत घेईल. तेवढ्यात ती वाइंडिंगची अर्ध्या तासाची चाचणी उरकून टाका.